खोबणीत कोण बसलंय?

आमच्या घरात संशय घेण्याचं खातं आईकडे आहे. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती खिडकीपाशी नेऊन वाचते. रिक्षावाला आतल्या रस्त्याने नेतो म्हणाला की तो मुद्दाम लांबून फिरवतोय, असं तिला वाटतं. बाबांच्या मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत हसून पाठ थोपटली, तर घाटकोपर स्टेशनापर्यंत गप्प राहून ती शेवटी तिच्या मालवणीत म्हणाली, "हसलो कित्याक तो?" म्हणजे का हसला. बाबा अगदी उलट. त्यांना सांगितलेलं सगळं खरं वाटतं, आणि खरं वाटलेलं सगळं ते बिल्डिंगभर सांगत सुटतात. मी कोणावर गेले आहे, हे मला तिशी उलटेपर्यंत नीट कळलं नव्हतं.

त्या वर्षी बाबांना लघवीची नळी लावलेली होती. ऑपरेशन करायचं होतं, पण हृदयाचे ठोके बिनसलेले होते आणि भूल देणारे डॉक्टर तयार होत नव्हते. त्यामुळे नळी राहिली. ती बदलायची, काही आठवडे बरे जायचे, मग थंडी वाजून ताप यायचा. प्रत्येक वेळी नवीन गोळ्या. डॉक्टर म्हणायचे, "नळीच्या आत जंतूंचा थर बसतो. औषध त्या थराच्या आत पोचतच नाही."

मी खुर्चीत बसून मान हलवायचे. डॉक्टर जे सांगत होते त्यावरच माझी नोकरी चालली होती.

मी अंधेरी पूर्वेला एका संशोधन संस्थेत काम करत होते. आमच्या गटाचा जंतू हा माणसाच्या कातडीवर राहणारा, एरवी कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला. पण शरीरात प्लास्टिकची नळी गेली की तो तिच्यावर चढतो, एकाचे हजार होतात आणि ती सगळी वसाहत स्वतःभोवती बुळबुळीत लेप घालून घेते. यालाच बायोफिल्म म्हणतात. लेपासाठी जंतूला एक प्रकारचा डिंक बनवावा लागतो, आणि तो एका विशिष्ट साखरेचे मणी एकामागोमाग ओवून बनतो. डिंक बनवणारी जनुकं एरवी बंद असतात, कारण त्यांच्या तोंडाशी, डीएनएवर, एक प्रोटीन ठाण मांडून बसलेलं असतं. त्याचं नाव रिप्रेसर, म्हणजे दडपून ठेवणारं. ते डीएनएवरून उठलं की जनुकं चालू होतात. ते कोणाच्या सांगण्यावरून उठतं, हा आमचा प्रश्न होता.

त्यासाठी त्या प्रोटीनची घडण पाहायची होती. प्रोटीन शुद्ध करायचं, त्याच्या इवल्याशा थेंबात स्फटिक उगवण्याची वाट बघायची, त्या स्फटिकावर एक्स-रे सोडायचे आणि विखुरलेल्या किरणांवरून कॉम्प्युटरने आतला नकाशा काढायचा. पडद्यावर तो निळ्या जाळीसारखा दिसतो. त्या जाळीत आपण प्रोटीनची साखळी बसवत जातो. जिथे जाळी आहे आणि आपण काहीच बसवलेलं नाही, तिथे कॉम्प्युटर हिरवा गोळा दाखवतो. याचा अर्थ इतकाच की इथे कोणीतरी आहे आणि तुम्ही त्याला मोजलेलं नाही.

आमचं रिप्रेसर जोडीने राहणारं निघालं. दोन सारखे भाग कमरेशी एकमेकांना घट्ट धरून उभे, खाली दोघांचे पाय डीएनएच्या खाचेत रुतण्याजोगे, आणि दोघांच्याही पोटात एकेक खोबण. त्या खोबणीत हिरवा गोळा होता.

तो पहिल्यांदा मी आणि माझ्या सहकाऱ्याने एकत्र पाहिला. हा सहकारी परदेशात काही वर्षं काढून परत आला होता, बोरिवलीला आईवडिलांकडे राहत होता आणि पक्क्या नोकरीच्या शोधात होता. माझ्यापेक्षा थोडा मोठा, पण आमचं अरेतुरेच होतं. प्रोटीन मी बनवायचे, नकाशा तो सोडवायचा.

"पाणी नाहीये हे," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "खूप मोठं आहे. बघ ना, एक गोल कडं आहे आणि त्याला शेपटी."

"आपण तर काही घातलं नव्हतं."

"म्हणूनच तर! जंतूच्या पोटातून बरोबर आलंय."

सर आले. आमचे सर उंच, भराभर बोलणारे, आणि खूश झाले की उभ्याउभ्याच फळ्यावर लिहायला लागणारे. त्यांनी तो गोळा फिरवून फिरवून पाहिला. मग फळ्यावर एक षटकोन काढला, त्याला शेपटी काढली, शेपटीच्या टोकाला फॉस्फेट लिहिलं.

"ही त्या डिंकाचीच साखर आहे," ते म्हणाले. "ओवायच्या आधीचा मणी. कच्चा माल पुरेसा जमला की तोच जाऊन रिप्रेसरच्या पोटात बसतो, आणि रिप्रेसर डीएनए सोडतं. कळतंय का? कारखान्याचं कुलूप कच्चा मालच उघडतो!"

आमच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, हे मला लपवायचं नाही. इतकं सुंदर उत्तर समोर आल्यावर कोणालाही यावा. सरांनी पेढे मागवले. परदेशातला एक गट याच प्रोटीनच्या मागे आहे, तेव्हा शोधनिबंध पटकन लिहायला घ्या, असंही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांच्या नळीवर आमचाच जंतू आहे असं नव्हतं. त्यांच्या रिपोर्टात दुसऱ्याच जंतूचं नाव आलं होतं, आणि तेही मी त्यांना सांगितलं. पण बाबांनी त्यातलं आपल्याला हवं ते उचललं.

"म्हणजे तो कच्चा माल अडवला की थर बसणार नाही?"

"तसं व्हायला वर्षं लागतात, बाबा."

"लागूदेत. सापडलं ना?"

आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुझो सर खरां सांगता काय गो?"

"खोटं कशाला सांगतील, आई?"

"खोटां सांगतत असां नाय म्हणणंय. घाई कित्याक करतत, तां इचारतंय."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकांनी माझं अभिनंदन केलं. माझ्या हातून नळीच्या आजारावर औषध सापडलं होतं, असं त्यांना कळलं होतं. वॉचमनलाही कळलं होतं. त्याच्या भावाला नळी लागली होती.

संशय माझ्या मनात आला तो एका अगदी रोजच्या कामात. प्रोटीनचा नवा घाणा काढायचा होता, म्हणून मी बफर बनवत होते. बफर म्हणजे प्रोटीन ज्या पाण्यात राहतं त्याचा आंबटपणा ढळू न देणारं द्रावण. शेवटच्या टप्प्याला जी पावडर मी वापरायचे तिची बरणी वजनकाट्याशेजारी उघडी होती. पावडर मोजली, झाकण लावलं आणि बरणी जागेवर ठेवताना लेबल समोर आलं. कंपनीने त्यावर त्या रसायनाचं छोटंसं चित्र छापलेलं असतं. ते मी शेकडो वेळा बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

एक कडं होतं. त्याला शेपटी होती. शेपटीच्या टोकाला फॉस्फेटऐवजी सल्फेटच्या जातकुळीचा एक गट, म्हणजे गंधक आणि त्याच्याभोवती ऑक्सिजन.

मी बरणी हातात धरून तशीच उभी राहिले. आमच्या नकाशाचा बारकावा इतकाच होता की आकार दिसत होते, पण सुटे अणू ओळखू येत नव्हते. त्या धूसरपणात साखरेचं कडं आणि या पावडरीचं कडं वेगळं कसं सांगणार? फॉस्फरस आणि गंधक तर मूलद्रव्यांच्या तक्त्यात शेजारी शेजारीच, नकाशात सारखेच दिसणारे. आणि ही पावडर प्रोटीनच्या रेणूंच्या मानाने त्या थेंबात अफाट होती. जंतूच्या पोटातून साखरेचा एखादा रेणू चिकटून आला असेल असं धरलं, तरी शुद्ध करताना मी प्रोटीन इतक्या वेळा धुतलं होतं की तो टिकला कसा? ही पावडर मात्र शेवटपर्यंत त्याच्या भोवती होती.

तेव्हापासून त्या हिरव्या गोळ्याकडे मला नीट बघवेना.

मी ते आधी सहकाऱ्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "होऊ शकतं. पण साखर जास्त चांगली बसते."

"किती चांगली?"

"चांगली, यार. आकडे बघ ना तू."

मी आकडे पाहिले. फरक इतका थोडा होता की त्यावर मी भाजीसुद्धा घेतली नसती. मी पावडरीचा रेणू त्याच गोळ्यात बसवून पाहिला. तोही बसला. दोघेही बसत होते. मग आपण साखरेलाच का निवडलं? कारण साखरेजवळ गोष्ट होती आणि पावडरीजवळ नव्हती.

पुढच्या आठवड्यात सरांचं गोरेगावला एका कॉलेजात व्याख्यान होतं. आम्ही दोघंही गेलो. पडद्यावर खोबणीचं चित्र आलं आणि मला धक्का बसला. माझ्या कॉम्प्युटरवर तो गोळा विरळ होता, एका बाजूला कडं तुटक होतं. इथे तो भरीव, गुबगुबीत, साखरेभोवती कपड्यासारखा बेतून बसलेला. नकाशा किती दाट दाखवायचा याची एक पातळी असते. ती खाली आणली की तुटक जागाही भरून दिसते. कोणीतरी ती खाली आणली होती.

सर बोलत होते, विद्यार्थी टाळ्या वाजवत होते, आणि मी शेजारी बसलेल्या सहकाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो पडद्याकडे बघत नव्हता, मोबाइल चाळत होता. त्यावेळी मला ते फार काही सांगून गेलं. त्याची एका मोठ्या संस्थेत मुलाखत ठरली होती. हा निबंध छापून आला तर त्याची नोकरी पक्की, असं सगळेच म्हणत होते. परतताना आम्ही सरांच्या गाडीत होतो. सर पुढे बसून पुढच्या प्रयोगांविषयी बोलत होते आणि मी मागे बसून, याने आणखी काय काय केलं असेल, याचा विचार करत होते.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. माझी फाइल कोणी उघडली होती का, हे मी बघायला लागले. तो माझ्या टेबलापाशी उभा दिसला की मी लांबूनच हाक मारायचे. सर आणि तो दार लोटून बोलत असले की माझं कामात लक्ष लागायचं नाही. आईसारखी झाले होते मी. फरक इतकाच की आई आपला संशय तोंडावर बोलून मोकळी होते आणि मी तो डब्यात भरून मेट्रोने घरी नेत होते.

शेवटी मी त्याला संस्थेच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर गाठलं.

"ते व्याख्यानातलं चित्र तू काढलंस?"

"हो."

"पातळी खाली का आणलीस?"

तो लगेच चिडला नाही, याचाही मला संशय आला. त्याने कटिंगचा ग्लास फळीवर ठेवला. "सर म्हणाले, मागच्या बाकांवरून दिसत नाही, जरा ठळक कर. मी केलं."

"ठळक करणं वेगळं आणि भरून दाखवणं वेगळं."

"माहितेय मला."

"मग?"

"मग काय? तुला काय वाटतं, मला शंका नाहीये? तू बरणी दाखवायच्या आधीपासून आहे. परदेशात आमच्या लॅबमध्ये एकाची अशीच वाट लागली होती, बफरच निघालं होतं शेवटी. पण सर इतके खूश होते. पेढे आणले यार त्यांनी! आणि माझी मुलाखत आहे. मी म्हटलं, कोणीतरी तपासेलच."

"कोण?"

"तू," तो म्हणाला. "तू गप्प बसणार नाहीस, हे माहीत होतं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. जोखमीचं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकून स्वतः चांगलं राहण्याची ही सोपी युक्ती आहे, असं मला वाटलं आणि मी ते त्याला तिथेच सांगितलंही. तो चहाचे पैसे देऊन निघून गेला.

मी सरांकडे गेले. बरणीचं, आकड्यांचं, सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, पण माझं अर्धं बोलून होतं तोच त्यांनी पेन टेबलावर आपटायला सुरुवात केली.

"तुझं म्हणणं आहे की आपण सगळे मूर्ख आहोत."

"नाही सर. माझं म्हणणं आहे की अजून कळलेलं नाही."

"मग कळव," ते म्हणाले. "शंका काढायला काय लागतं? प्रयोग कर."

प्रयोग सोपा होता. रिप्रेसर आणि डीएनएचा तुकडा एकत्र ठेवले की ते एकमेकांना धरतात. ही जोडी जेलमध्ये, म्हणजे जेलीच्या पातळ लादीत, विजेच्या ओढीने सोडली तर जड असल्यामुळे मागे राहते, सुटा डीएनए पुढे पळतो. साखर घातल्यावर रिप्रेसरने डीएनए सोडला, तर डीएनएचा पट्टा पुढे सरकलेला दिसायला हवा. मी साखर थोडी घातली, मग जास्त, मग खूप जास्त. पट्टा जागचा हलला नाही.

सरांनी फोटो पाहिला. "साखरेची बाटली जुनी असेल."

नवी बाटली मागवली. पट्टा हलला नाही.

"तुझं प्रोटीन मेलेलं असेल."

"मेलेलं असतं तर डीएनए धरलाच नसता, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ते म्हणाले ते मी अजून विसरलेले नाही. "एकदा त्याला करू दे. दोघं मिळून करा."

म्हणजे माझ्या हातांवर संशय होता. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच मला तसं कोणी म्हटलं होतं, आणि तेही मी त्यांना नको असलेला निकाल आणल्यावर. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत आले.

आम्ही दोघांनी तो जेल एकत्र केला. तसं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. मी पिपेट भरली की तो काचेतली रेघ बघायचा. त्याने नळी उचलली की मी तिच्यावरचं नाव वाचायचे. तो बर्फ आणायला गेला तेव्हा मी सगळ्या नळ्या नजरेखाली ठेवल्या, आणि मी कागद आणायला गेले तेव्हा त्यानेही तेच केलं असणार. जेल उचलून दिव्यावर ठेवला तेव्हा आम्ही दोघंही एकदमच वाकलो आणि डोकी आपटली.

पट्टा होता तिथेच होता.

"घे," तो कपाळ चोळत म्हणाला. "आता तरी विश्वास ठेव माझ्यावर."

"तुझ्यावर नाही, पट्ट्यावर ठेवते," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. त्या महिन्यातलं ते पहिलं हसणं होतं.

पण जेलने गोळ्याचा निकाल लागत नव्हता. सर म्हणू शकत होते, आणि म्हणालेही, की जंतूच्या आत आणखी काहीतरी मदतीला असेल. निकाल एकाच गोष्टीने लागणार होता. ती पावडर पूर्णपणे टाळून, वेगळ्या बफरमध्ये प्रोटीन शुद्ध करायचं, नवे स्फटिक उगवायचे आणि खोबणीत पुन्हा पाहायचं. साखर खरी असेल तर ती तिथे असेल. पावडर असेल तर नसेल.

नवे स्फटिक काही केल्या उगवेनात. थेंब स्वच्छ राहायचे, नाहीतर त्यात तपकिरी गाळ बसायचा. याच मधल्या काळात बाबांना पुन्हा ताप आला आणि या वेळी ॲडमिट करावं लागलं. मी सकाळी हॉस्पिटल, दुपारी लॅब, संध्याकाळी परत हॉस्पिटल अशी फिरत होते. सलाईनवर असलेले बाबा शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना सांगत होते, "आमच्या मुलीने याचं मूळ शोधून काढलंय." ते गृहस्थ माझ्याकडे ज्या नजरेने पाहायचे ती मला सहन व्हायची नाही. मी बाबांना गप्प करू शकले असते. पण आजारी माणसाच्या हातातून ते काढून घ्यायचं मला होईना, आणि माझ्याकडे अजून पुरावाही नव्हता. तेव्हा मी मनातल्या मनात चक्क साखरेच्या बाजूने होते. आपला संशय खोटा ठरावा, असं मला मनापासून वाटत होतं.

बाबा घरी आले. ताप उतरला, पण नळी होतीच.

स्फटिक उगवले ते जुन्या स्फटिकांचा चुरा करून, त्याची चिमूट नव्या थेंबात सोडल्यावर. ही सहकाऱ्याची कल्पना. हळूहळू कडा धरलेले, काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसायला लागले. जुन्या चुऱ्याबरोबर जुनी पावडर आली नाही ना, म्हणून मी त्या नव्या स्फटिकांचा पुन्हा चुरा केला आणि त्यापासून आणखी एक पिढी उगवली. सहकारी म्हणाला, "तू बाई पोलीस खात्यात जायला हवी होतीस."

एक्स-रे घेतले. या वेळी स्फटिक आधीपेक्षा चांगले निघाले, नकाशाही जास्त स्पष्ट आला. सहकाऱ्याने साखळी बसवली आणि खोबणीकडे जायच्या आधी मला हाक मारली. माझ्याशिवाय ते बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. सरांनाही बोलावलं. तिघं एका पडद्यासमोर बसलो.

खोबण आली. आत पाण्याचे दोन-तीन सुटे थेंब होते. बाकी काही नव्हतं.

सरांनी माउस स्वतःच्या हातात घेऊन नकाशा फिरवला. दुसऱ्या भागाची खोबण पाहिली. तिथेही तेच. त्यांनी पातळी खाली आणली, आणखी खाली आणली. सगळीकडे खरबरीत कचरा दिसायला लागला तरी खोबणीत कडं उमटलं नाही. मग त्यांनी हात बाजूला घेतला. पंख्याने फळ्याजवळचे कागद फडफडत होते.

"छान," सर म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून शंका होती. तुमच्यापैकी कोण बोलतंय ते मी बघत होतो."

ते उठून गेले. मी आणि सहकाऱ्याने एकमेकांकडे पाहिलं.

"खरं असेल?" त्याने विचारलं.

मला अजून सांगता येत नाही. पेढे मागवणारा माणूस शंका बाळगून पेढे मागवतो का? पण सरांना मी इतकी वर्षं ओळखत होते, त्यांनी स्वतःचे निबंध दोनदा मागे घेऊन नव्याने केल्याचं मला माहीत होतं. शिवाय "प्रयोग कर" असं तेच म्हणाले होते. स्वतःला वाचवण्यासाठी ते तसं बोलले असतील, किंवा खरंच तसं असेल. मी त्यांना विचारलं नाही. त्यांच्या उत्तरावर माझा विश्वास बसला नसता, मग विचारून काय उपयोग.

त्यानंतर काही आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एक दिवस दुसऱ्या विद्यार्थ्याचा नकाशा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "हा जरा तुझ्या नजरेने बघून दे." त्यांनी माफी मागितली नाही आणि माझी पाठही थोपटली नाही. मला ते पुरेसं वाटलं.

घरी सांगणं जास्त अवघड गेलं. बाबा गॅलरीत बसले होते. मी खुर्ची ओढून घेतली आणि सांगितलं की तो कच्चा माल नव्हताच, आम्ही वापरलेली पावडर होती.

"म्हणजे सापडलं नाही?"

"प्रोटीनचा आकार सापडला. तो खरा आहे. ते उठतं कशाने, ते नाही सापडलं."

बाबा एकदम काळजीत पडले. "अगो, मी त्या वॉचमनला सांगितलंय ना. त्याच्या भावाचं..."

"मी सांगते त्याला."

"नको. मी सांगतो. मीच सांगितलेलं ना."

आणि ते नळीची पिशवी हातात धरून खरोखरच खाली गेले. मी गॅलरीतून पाहत होते. बाबा हातवारे करून बरंच काही समजावत होते, वॉचमन मान हलवत होता. शेवटी त्याने स्वतःची खुर्ची बाबांना दिली. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणेल, मी तेव्हाच सांगितलं होतं, असं मला वाटलं. ती तसं काही म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "सर रागावले काय गो तुझ्यार?"

"थोडे."

"रागावांदेत. उपाशी नाय मारुचे."

त्याच वर्षाच्या शेवटी बाबांचे ठोके ताळ्यावर आले, भूल देणारे डॉक्टर तयार झाले आणि ऑपरेशन झालं. नळी निघाली. यात आमच्या प्रोटीनचा काडीचाही वाटा नव्हता. सहकाऱ्याला त्या मोठ्या संस्थेने घेतलं नाही. तो दुसऱ्या शहरात एका कॉलेजात लागला, आणि तिथे त्याचं बरं चाललंय असं म्हणतो. मुलाखतीत त्याने खोबणीचं चित्र दाखवलं नव्हतं, असंही तो म्हणतो. दाखवलं असतं तर घेतलं असतं का, यावर आमचं फोनवर अजून भांडण होतं.

निबंध लिहिला तो मी. त्यात डिंकाची साखर नव्हती, कुलूप उघडणारा कच्चा माल नव्हता. दडपून ठेवणाऱ्या एका प्रोटीनची घडण होती, दोन भाग कमरेशी कसे जुळतात ते होतं, आणि पोटातली खोबण रिकामी होती तेव्हाची व पावडरीने भरली होती तेव्हाची अशी दोन चित्रं शेजारी शेजारी. पातळी दोन्हीकडे सारखी ठेवली होती आणि ती चित्राखाली लिहिलेली होती. एका मध्यम नियतकालिकाकडे तो पाठवला. नाव न सांगणाऱ्या दोन परीक्षकांपैकी पहिल्याला तो ठीक वाटला. दुसऱ्याने पानभर प्रश्न विचारले होते. खोबण रिकामी आहे, असं लेखिका इतक्या ठामपणे कशावरून म्हणतात? शुद्ध करताना खरा पाहुणा धुऊन निघाला असेल, तर? पावडरीने त्याला आधीच हुसकून लावलं असेल, तर?

सर तो कागद वाचून वैतागले. "किती संशयी माणूस आहे हा!"

मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्याचा प्रत्येक प्रश्न बरोबर होता. मी लॅबचा कोट अंगात चढवला आणि फ्रीजरमधून प्रोटीनची नळी काढायला गेले.